आजोबांच्या व्हायोलिनला सरस लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणून खोली रिकामी करताना माळ्यावर आजोबांचं व्हायोलिन सापडलं. आत चिठ्ठी आहे, 'अँटोनियस स्ट्राडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस फासिएबात आन्नो १७२१' (म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाच्या स्ट्राडिव्हारी या नामांकित कारागिराने १७२१ साली केलं), आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी'. खालच्या अंगाला पाठ कडेच्या पट्टीपासून सुटली आहे, पुढच्या फळीवर उजव्या एफ-होलपासून (एफ अक्षरासारख्या भोकापासून) निघालेली एक चीर आहे, एक खुंटी नाही, आणि बोचे (गजाचे) केस एका बाजूने झडलेत. घरात सांगतात, की १९१८ साली जन्मलेले आजोबा मूकपटांच्या थिएटरात वाजवायचे आणि हे वाद्य त्यांना गोव्याच्या एका मास्तरांनी दिलं. तुम्हाला हवंय ते असं: हे खरं स्ट्राडिव्हेरियस आहे का, पॉलिश करून नव्यासारखं होईल का, नऊ वर्षांच्या मुलीला यावर शिकता येईल का, न्यू जर्सीच्या भावाला ते तिकडे नेता येईल का, आणि यातून आजोबांचा काही माग लागेल का.

मी अनेक वर्षं व्हायोलिन दुरुस्त करतो. माझ्या मते या पाचांतला शेवटचा प्रश्न तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याची नेमकी दुसऱ्याशी गाठ आहे. वाद्य नव्यासारखं चकचकीत केलंत की आजोबांविषयी ते जे काही सांगू शकत होतं त्यातलं निम्मंअधिक पुसलं जातं. म्हणून कारागिराकडे नेण्याआधी ते नीट बघून घ्या. कसं बघायचं, ते सांगतो.

आधी चिठ्ठीचा निकाल लावू. १७२१ हे साल इंटरनेटवर शोधलं की 'लेडी ब्लंट' पुढे येतं. ते स्ट्राडिव्हारीने त्याच साली केलेलं व्हायोलिन. २०११ मध्ये ते ९८ लाख पौंडांना लिलावात गेलं आणि ती रक्कम जपानच्या त्सुनामीग्रस्तांसाठी दिली गेली. हे वाचल्यावर घरात जे होतं ते तुमच्याकडेही झालं असणार! पण स्ट्राडिव्हारी १७३७ साली वारला, त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज उरली आहेत, आणि त्यांतली जवळजवळ सगळी जाणकारांच्या नोंदीत आहेत. तुमच्या चिठ्ठीसारख्या चिठ्ठ्या मात्र छापखान्यात गठ्ठ्यांनी छापल्या गेल्या. त्यात दरवेळी फसवणूकच होती असं नाही. हे वाद्य स्ट्राडिव्हारीच्या घाटावर बेतलेलं आहे, एवढंच त्यातून सांगायचं असे, आणि त्या काळच्या घेणाऱ्याला ते ठाऊक असे. गोंधळ झाला तो दोन पिढ्यांनंतर, घेणारा गेल्यावर.

तुमच्या कामाची ओळ खालची आहे. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव छापायची गरज ब्रिटनमध्ये १८८७ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने आणली. भारतात तसाच कायदा १८८९ मध्ये आला, अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफने. तेव्हा 'मेड इन जर्मनी' असलेलं वाद्य साधारण १८९० च्या नंतरचं. दुसरं टोक १९३९, कारण युद्ध सुरू झाल्यावर जर्मन माल ब्रिटिश हिंदुस्थानात येणं थांबलं. मधली १९१४ ते १९१८ ही वर्षंही वगळा. म्हणजे एक तर पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, नाहीतर दोन युद्धांच्या मधलं. आजोबांचा जन्म पहिलं युद्ध संपलं त्या वर्षीचा, हे लक्षात असू द्या.

अशी बहुतेक वाद्यं सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन आणि आसपासच्या गावांतली. बोहेमियातून आलेल्या निर्वासित कारागिरांनी तिथे १६७७ मध्ये व्हायोलिन करणाऱ्यांची पंचायत स्थापली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथलं काम घरोघर वाटलेलं होतं. एक कुटुंब फक्त स्क्रोल (मानेच्या टोकाचं वेटोळं) कोरणार, दुसरं फक्त फळ्या, तिसरं खुंट्या, आणि व्यापारी ते सगळं जुळवून पेट्या भरून जगभर पाठवणार. व्यापार इतका मोठा, की त्या छोट्या गावात १८९३ ते १९१६ अमेरिकेची वाणिज्य वकिलात होती. त्यामुळे 'हे कोणी केलं' याला एका माणसाचं नाव मिळणार नाही. ती आशा सोडलेली बरी. दर्जा मात्र तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. एफ-होलमधून बारीक टॉर्च आणि दंतवैद्याचा छोटा आरसा घालून आतले कोपरे बघा. कमरेच्या चार टोकांशी आतून लाकडाचे ठोकळे बसवलेत की कोपरे नुसतेच पोकळ आहेत? डाव्या अंगाला फळीच्या आतून लांबट दांडी असते, तिला बास बार म्हणतात. ती वेगळी करून चिकटवलेली दिसते की फळीतूनच कोरून ठेवलेली? ठोकळे नाहीत आणि दांडी कोरीव असेल, तर ते सर्वांत स्वस्त प्रतीचं. दोन्ही नीट असतील, तर चांगल्या कार्यशाळेचं, आणि त्यावर पैसे खर्च करायला मी हरकत घेणार नाही.

लाकडातल्या वर्तुळांवरून साल काढायचं शास्त्र आहे. ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या 'मसाया' या १७१६ च्या व्हायोलिनवर वाद झाला तेव्हा ते वापरलं गेलं. पण त्यातून कळतं ते इतकंच, की झाड अमुक सालाच्या आधी तोडलेलं नाही. तुमच्या वाद्यासाठी तो खर्च वाया जाईल.

आता जिथे खरा ऐवज आहे तिकडे येऊ. व्हायोलिन कुठे झिजलंय हे बघा, कारण झीज खोटं बोलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने, हनुवटीखाली धरून वाजवणाऱ्याच्या वाद्यावर शेपटीच्या पट्टीच्या शेजारी हनुवटीच्या घामाने रोगण उडालेलं असतं, किंवा चिनरेस्टच्या (हनुवटी टेकवायच्या तुकड्याच्या) पेचाचे ठसे कडेवर असतात. असा वादक वरच्या सुरांकडे जाताना डावा हात वाद्याच्या उजव्या खांद्यावर टेकवतो, म्हणून तिथल्या कडेचं रोगण जाऊन उघडं, गुळगुळीत, किंचित काळसर लाकूड दिसतं. ती झीज खोल असेल, तर वाजवणारा पहिल्या पोझिशनपुरता, म्हणजे मानेच्या टोकाशीच हात ठेवणारा, हौशी नव्हता. रोजचं काम करणारा होता.

आपल्याकडचा शास्त्रीय वादक मांडी घालून बसतो आणि स्क्रोल पायावर टेकवतो. त्याचं वाद्य वेगळ्या ठिकाणी झिजतं. स्क्रोलची पुढची कडा बोथट होते, वळ्यांची धार जाते, धोतराच्या किंवा पायजम्याच्या घर्षणाने तिथे एक मऊ चकाकी येते. मींडेसाठी बोटं सरकावीत म्हणून तेल लावणारे असतात, त्यांच्या वाद्याच्या मानेवर आणि फिंगरबोर्डवर (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीवर) तेलकट काळा थर असतो. फिंगरबोर्डवर पेन्सिलीच्या खुणा, कागदाच्या पट्ट्यांचा डिंक किंवा खिळ्याने ओढलेल्या रेघा दिसल्या, तर या वाद्यावर कोणीतरी शिकलं किंवा कोणाला तरी शिकवलं गेलं.

मी अशा वाद्यांवर कधीकधी दोन्ही झिजा एकावर एक पाहिल्या आहेत. तुमच्या बाबतीत नेमकं हेच शोधायचंय. हनुवटीची आणि उजव्या खांद्याची झीज जुनी, मळ भरलेली, आणि स्क्रोलची झीज तिच्या मानाने ताजी असेल, तर पहिला मालक स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचून वाजवणारा आणि दुसरा बसून राग वाजवणारा. 'गोव्याच्या मास्तरांनी दिलं' या घरच्या सांगण्याला मग वाद्याची साक्ष मिळते. फक्त पाश्चात्त्य झीज असेल, तर आजोबाही ऑर्केस्ट्रातच वाजवत असावेत, किंवा त्यांनी ते फारसं वाजवलंच नसेल. दुसऱ्या शक्यतेने वाईट वाटून घेऊ नका. माळ्यावरच्या कितीतरी व्हायोलिनांची कथा तीच असते.

एखाद्या उत्साही कारागिराने स्क्रोलच्या बोथट वळ्या कोरून धारदार केल्या, मळ घासून काढला आणि सगळीकडे एकसारखं रोगण मारलं, तर ही सगळी साक्ष गेली. म्हणून पुसण्याआधी फोटो काढा. व्हायोलिनच्या पेटीतलंही काही टाकू नका: रोझिनच्या (बोच्या केसांना घासायच्या राळेच्या) वडीवरचा कागद, तारांची पाकिटं, तुटलेली तार, अस्तराखाली सरकलेली पावती, झाकणाच्या आतलं दुकानाचं लेबल. जुन्या ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीवर) बहुधा शिक्का असतो. तो ब्रिज वाकलेला म्हणून बदलावा लागेल, पण जुना परत मागून घ्या. काढलेली प्रत्येक वस्तू लखोट्यात, वर तारीख. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि दहातले आठ जण ब्रिज टाकून द्या म्हणतात.

इथवरचं तात्पर्य असं. वाद्य जर्मन, १८९० ते १९३९ मधलं, बाजारात लाखमोलाचं नाही, पण तुमच्या घरच्या गोष्टीचा एकमेव साक्षीदार. दुरुस्ती करताना हे डोक्यात हवं.

पाठ सुटली आहे याची काळजी करू नका. व्हायोलिनच्या फळ्या प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने कडेला चिकटवतात, आणि पुढची फळी तर मुद्दाम पातळ सरसाने. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं. ताण आला की सरस आधी सोडतो, म्हणून लाकूड तडकत नाही. तुमची सुटलेली पाठ म्हणजे वाद्याने स्वतःला वाचवलंय. गरम सरस आणि चिमटे, एवढ्यात ते काम होतं. पुढे कधी उघडायचं झालं, तर थोडी ओल आणि उष्णता देऊन तोच सांधा सहज सुटतो. फेव्हिकॉलने किंवा झटपट गोंदाने मात्र हात लावू नका, आणि सुताराला लावू देऊ नका. तो सांधा लाकडापेक्षा घट्ट होतो. पुढच्या पावसाळ्यात सांध्याऐवजी फळी फाटते, आणि पुढच्या कारागिराला तो गोंद काढताना लाकूडही काढावं लागतं.

चीर हा त्यापेक्षा मोठा मामला आहे, आणि ती न बघता मी ठामपणे काही सांगणार नाही. ती कुठून जाते यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिजच्या उजव्या पायाच्या किंचित मागे, आत, सहा-एक मिलिमीटर जाडीची एक काडी उभी असते, तिला साउंडपोस्ट म्हणतात. ती पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसती अडकवलेली असते. चीर त्या जागेवरून जात असेल, तर फळी उघडून आतून त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ बसवावं लागतं. ते नाजूक आणि महाग काम आहे. चीर एफ-होलपासून कडेकडे पळत असेल, तर सरस आणि आतून दोन-तीन लहान लाकडी चकत्या, बस्स. फरक बघायला चीर बोटाने दाबू नका. तिरप्या उजेडात ब्रिजच्या पायाच्या जागेपासून तिचं अंतर पट्टीने मोजा.

त्याआधी दोन गोष्टी आजच करा. तारा शिल्लक असतील तर त्या सैल करा. चार तारांचा मिळून ताण वीस-पंचवीस किलोंच्या घरात असतो, आणि साउंडपोस्ट पडलेली असताना हा ताण फळीवर राहिला तर ती खचते. वाद्य हलवून आत काडी खुळखुळते का ऐका. दुसरं, लाकडात बारीक भोकं आहेत का बघा. असतील तर वाद्य काळ्या कागदावर काही दिवस ठेवा. पिवळट भुकटी पडली, तर कीड जिवंत आहे, आणि मग दुरुस्तीआधी तिचा बंदोबस्त करायला हवा. औषध फवारू नका. रॉकेलही नको.

बोचे केस एका बाजूने झडलेत त्याचं कारण बंद, अंधाऱ्या पेटीतली बारीक अळी. ती केस खाते. पेटी उन्हात उघडी ठेवून आतून व्हॅक्यूमने साफ करा (ऊन पेटीला द्यायचं, व्हायोलिनला नाही). बोला नवे केस बसवता येतात, पण काठी वाकडी झाली असेल तर स्वस्त बोवर खर्च करण्यात अर्थ नाही. नवा घ्या आणि जुना जपून ठेवा.

पॉलिशचं उत्तर आता तुम्हाला कळलंच असेल, तरी स्पष्ट सांगतो: नाही. या वाद्यांचं रोगण बहुधा स्पिरिटमध्ये विरघळणारं असतं. फर्निचरवाल्याचं लाखेचं पॉलिश, काच पुसायचा फवारा, हाताला लावायचा सॅनिटायझर, यांतलं काहीही लागलं की वरचा थर कापसावर उतरतो. मऊ सुती कापड किंचित ओलं करून, लगेच कोरड्याने पुसायचं. ब्रिजखाली जमलेला रोझिनचा कडक थर कारागिरावर सोडा. रोगण उडालेल्या जागी तो फक्त रंग जुळवून लाकूड झाकेल, सगळ्या अंगावर नवा हात मारणार नाही, हे आधी कबूल करून घ्या. शक्य तर लिहून घ्या.

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, कारण फळी उघडावी लागते की नाही यावर तो कितीतरी पट बदलतो. पण फळी उघडावी लागली, तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या बाजारभावाच्या पुढे जाईल हे गृहीत धरा. तरीही करायचं का, याचं उत्तर व्यवहारात मिळणार नाही. मी करेन. आणि फळी उघडलीच, तर आतला प्रत्येक इंच फोटोत हवा, कारण जुने दुरुस्ती करणारे आतल्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवत. ती नोंद मिळाली, तर वाद्य कोणत्या शहरात कधी होतं याचा पक्का पुरावा तुमच्या हाती येतो.

आता मूकपटांचं. इथे वाद्य बाजूला ठेवा आणि सनावळी बघा. मुंबईत ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी तुमच्याच गिरगावात, कोरोनेशन थिएटरात लागला. आणि 'आलम आरा' हा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला, तोही गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये. पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्यांचा धंदा त्यानंतर काही वर्षांत बसला. १९१८ साली जन्मलेले आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. थिएटरात नोकरी करायचं ते वय नव्हे.

मग घरचे खोटं सांगतात का? नाही. दोन शक्यता आहेत. एक, मूकपटात वाजवणारे आजोबा नव्हते, मास्तर होते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज (नोटेशन वाचून सुरांच्या नावांनी गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे नोटेशन वाचणारे गोवेकर मुंबईच्या थिएटरांत, हॉटेलांत, बँडांत मोठ्या संख्येने होते. बोलपट आल्यावर त्यांतल्या अनेकांना दुसरं काम शोधावं लागलं. एखाद्याने शिकवण्या धरल्या आणि जुनं वाद्य चाळीतल्या हुशार मुलाला दिलं, हे अगदी पटण्यासारखं आहे. गोव्याच्या मास्तरांनी बिगरगोवेकर मुलांना शिकवल्याचं ठळक उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आणि त्यांचे शिष्य लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल.

दुसरी शक्यता, आजोबा वाजवायचे ते बोलपटांच्या किंवा रेडिओच्या वाद्यवृंदात, आणि 'सिनेमात वाजवायचे' याचं पुढच्या पिढीत 'मूकपटात वाजवायचे' झालं. जुनं म्हणजे मूकपट, अशी आपली समजूत असते. ते राग वाजवत असतील, तर त्यांची पिढीही नेमकी जुळते. गजाननराव जोशी १९११ चे, वि. गो. जोग १९२२ चे, आणि पार्सेचे श्रीधर पार्सेकर त्यांच्याच काळातले. व्हायोलिन साथीतून उठून एकल मैफलीत बसलं ते याच लोकांमुळे, आणि १९४० च्या दशकात मुंबईतल्या मध्यमवर्गीय तरुणाला व्हायोलिन शिकावंसं वाटणं हे त्या वाऱ्याचंच होतं.

या दोन शक्यतांत निवड करायला कागद लागतील. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. १९३५ च्या अखेरीपासून 'इंडियन लिसनर' या पाक्षिकात रोजच्या कार्यक्रमांत कलाकारांची नावं छापली जात. त्याचे अंक स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. आजोबांचं नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून बघा, आणि आडनावाऐवजी 'व्हायोलिन' या शब्दानेही शोधा. आकाशवाणी कराराची पत्रं पाठवत असे, ती घरच्या कागदपत्रांत, बहुतेक विम्याच्या पॉलिसीबरोबर, सापडतात. परीक्षांची प्रमाणपत्रं बघा. गांधर्व महाविद्यालयाची असतील तर राग शिकले, ट्रिनिटी कॉलेजची असतील तर पाश्चात्त्य. गिरगावात १९२५ पासून बी. आर. देवधरांची संगीतशाळा होती. घरातून चालत जाण्याच्या अंतरावरची ही शक्यता सोडू नका. थिएटरांच्या जुन्या जाहिरातींसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रं चाळता येतील, पण तिथे हरवून जायला होतं, म्हणून आधी वर्षं अरुंद करून जा.

मास्तरांचा माग काढायला त्यांचं गाव हवं. नुसत्या आडनावाने काही होणार नाही. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गोव्याच्या एकेका गावाची कूड असे. नोकरीसाठी, बोटीवर जाण्यासाठी आलेली गावची माणसं तिथे उतरत. गाव कळलं, तर त्या गावच्या कुडीत आणि तिथल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत विचारता येतं. सरकारी कागद पणजीच्या पुराभिलेखागारात.

घरातल्या वृद्धांना 'व्हायोलिन कुठून आलं' असं विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. आजोबा रात्री उशिरा यायचे का, कोणत्या वारी? ते खाली बसून वाजवायचे की उभं राहून? घरी कोण येऊन वाजवायचं, आणि त्याच्याशी आजोबा कोणत्या भाषेत बोलायचे? तुमच्या आत्याबाईंना यांतल्या एकाचं जरी उत्तर आठवलं, तरी वाद्यावरच्या झिजेशी ते ताडून बघता येईल.

न्यू जर्सीच्या भावाला माझा निरोप: घाई नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, आणि हे वाद्य पहिल्या युद्धाआधीचं निघालं तर ते त्या रेषेपलीकडे जातं. नेण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत असेल, तर तो विकायचाही नाही आणि न्यायचाही नाही. शिवाय मुंबईच्या दमट हवेत शतक काढलेलं लाकूड तिकडच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत गेलं, की महिन्याभरात नव्या चिरा पडू शकतात. न्यायचंच असेल, तर खोलीत ओलावा राखायची सोय आधी करावी.

राहिली मुलगी. पाठीची लांबी मोजा. ती ३५५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर हे पूर्ण मापाचं वाद्य आहे, आणि नऊ वर्षांच्या हाताला ते मोठं पडतं. तिला अर्ध्या किंवा पाऊण मापाचं भाड्याने घेऊन द्या. नेमकं कोणतं, ते तिच्या हाताची लांबी बघून शिक्षक सांगतील. बारा-तेराव्या वर्षी ती या वाद्यापर्यंत पोचेल, म्हणजे दुरुस्तीला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. ती राग शिकणार की पाश्चात्त्य, हे तोवर ठरेल, आणि ब्रिजची उंची, तारांची निवड त्यानुसार करता येईल.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा तिरपा उजेड घ्या. स्क्रोलची पुढची कडा, हनुवटीची जागा, उजवा खांदा आणि चीर, शेजारी पट्टी ठेवून, एवढे चार फोटो आधी टाका. फळी उघडावी लागेल का, ते त्यावरून सांगतो.